नवसाचा धोंडा

एकदा एका डोंगराच्या पायथ्याला एक धान्याचा व्यापारी राहत होता. त्याच्या काट्यावर पंचक्रोशीचा विश्वास. माणसं पोतं लावत आणि तो सांगेल ते वजन मान्य करून निमूट घरी जात. पण हाच व्यापारी स्वतः त्या मोठ्या काट्याखालून जाताना मान खाली घालायचा. काट्याने आपल्याकडे बघू नये, असं काहीसं त्याच्या मनात असे.

त्याचं नाव केरबा. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईने ह्याला जन्मताच केरावर ठेवलं आणि शेजारणीकडून उचलून घेतलं. केरातलं मूल कोण नेतंय, अशी त्या काळची समजूत. मूल वाचलं, मोठं झालं, अंगाने भरलं, आणि भरतच गेलं. चाळिशीला आला तेव्हा गावात त्याच्याइतका स्थूल माणूस दुसरा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, खात असेल. तसं असतं तर गोष्ट सोपी होती. सकाळी अर्धी भाकरी, दुपारी ताक आणि पालेभाजी, संध्याकाळी मुगाचं पातळ कढण, एवढाच त्याचा आहार. तूप त्याने केव्हाच वर्ज्य केलं होतं. रोज तो देवीच्या डोंगरावर चढून उतरायचा, तेही उजाडायच्या आत. चढताना लागलेली धाप कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून. इतकं करूनही सदरा जिथे तटतटायचा तिथेच तटतटत राहिला. शिंप्याकडे जाऊन माप देण्याचीही त्याला लाज वाटे. तो जुना सदराच पाठवून द्यायचा आणि सांगायचा, ह्याच्यावरून शिव.

एका लग्नात तो पंगतीला बसला होता. वाढपी बुंदी घेऊन आला, तसा केरबाने पानावर हात आडवा धरला.

"वाढा हो, केरूशेटना वाढा. लाजतायत ते," शेजारचा म्हणाला.

"नको, खरंच नको."

"नको काय? हा देह काय वाऱ्यावर पोसलाय?"

पंगत हसली. केरबाही हसला. आपण हसलो की दुसऱ्यांचं हसू लवकर संपतं, हे तो अनुभवाने शिकला होता. पण समोरच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "इथं पानावर हात, आणि घरी कोठीला आतून कडी." ते वाक्य त्याच्या कानात रुतून बसलं. खाल्लं तर हावरा, न खाल्लं तर ढोंगी. आणि सगळ्यांत वाईट हे, की कधीकधी त्याला स्वतःलाच वाटे, आपण नकळत कुठेतरी चोरी करत असू. नाहीतर एवढ्या निग्रहाचं फळ गेलं कुठे?

डोंगराच्या निम्म्या वाटेवर एक वृद्ध बाबा झोपडी बांधून राहत. शिकलेले नव्हते, पण शहाणे होते. केरबा त्यांना गुरू मानी. उतरताना त्यांच्या ओट्यावर टेकायचं, सांगतील ते ऐकायचं आणि मग दुकान उघडायचं, असा त्याचा परिपाठ होता.

त्या वर्षी देवीची जत्रा जवळ आली, तशी घरात आईने पुन्हा विषय काढला. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळत असे.

"केरू, औंदा तरी गुळाची तुला करू या का रे? देवीला शब्द दिलाय मी."

त्या देवीला असा नवस बोलत, की मूल जगलं तर त्याच्या भाराइतका गूळ देवळापुढे तोलीन आणि गावाला वाटीन. केरबाच्या आईनेही तो बोलला होता. आधी गरिबीमुळे राहिला. पुढे दुकान चाललं, तोवर केरबा पुरता वाढला होता. मग एका जत्रेत कुणीतरी थट्टेने म्हणालं, "केरबाची तुला करायची तर दोन गावांची गुऱ्हाळं लागतील." तेव्हापासून दरवर्षी तो आईला म्हणे, "पुढच्या वर्षी." मनात म्हणे, जरा बारीक झाल्यावर.

"पुढच्या वर्षी करू ना आई."

आईने चाचपडत त्याचा हात धरला. मग म्हणाली, "पुढच्या वर्षाचं मी काय सांगू, बाबा? दिवा विझत आलाय. नवस डोक्यावर घेऊन गेले तर देवीला तोंड कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवशी त्याने बाबांचे पाय धरले.

"बाबा, काहीतरी उपाय सांगा. कडक उपास सांगा, झाडपाला सांगा, कसलंही व्रत सांगा. जत्रेपर्यंत मला हलकं व्हायचंय. ह्या अंगाने मी पारड्यात बसू शकत नाही."

बाबा उठले. काठी टेकत वर देवळाकडे गेले आणि बऱ्याच वेळाने परतले. त्यांच्या हातात ओढ्यातला असतो तसा एक गुळगुळीत धोंडा होता, पाट्यावरच्या वरवंट्याहून थोडासा मोठा. तो त्यांनी केरबाच्या हातात दिला.

"हा जत्रेपर्यंत जवळ बाळग. डोंगर चढताना, दुकानात, घरी. खाली ठेवशील तर हळू ठेव, आपटू नको."

"ह्याने वजन उतरेल?"

"बाळगून तर बघ."

केरबाने गुरूची आज्ञा शिरसावंद्य मानली, पण मनाचं समाधान काही होईना. एवढ्याशा धोंड्याने कसला व्यायाम होणार? दुकानात बसल्या बसल्या सवयीने त्याने तो काट्यात टाकून पाहिला. पारडं जेमतेम हललं. गिऱ्हाईक म्हणालं, "शेट, हे काय, नवीन माप काढलं का?" केरबा ओशाळला आणि त्याने धोंडा मांडीआड दडवला. दोनचार दिवसांनी तो ओट्यावर जाऊन म्हणाला, "बाबा, हा फार हलका आहे. मोठा द्या."

"एवढाच आहे," बाबा म्हणाले.

गुरूंनीही आपली थट्टाच मांडली, असं केरबाला वाटून गेलं. त्याने मग मनानेच अन्न सोडलं. नुसत्या पाण्यावर राहू लागला. जत्रा तोंडावर आली, आणि एका सकाळी उतरताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो बाबांच्या ओट्याजवळ मटकन बसला. बाबांनी त्याला गूळपाणी पाजलं, ओठ कोरडे पाहिले आणि सगळं ओळखलं.

"काय रे, कुणाला मापात मारलंयस कधी?"

"नाही बाबा. दुकानाची शपथ."

"मग देवीला का मारतोस? तिच्या पारड्यात बसायचं म्हणून अंग कमी करतोयस. तुझ्या आईने कबूल केलेला गूळ तू चोरतोयस लेका. मापात पाप म्हणतात ते हेच."

केरबाच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ज्या गोष्टीचा त्याला आयुष्यभर अभिमान, तिथेच घाव बसला. तो तसाच उठून घरी गेला आणि आईशेजारी जाऊन बसला. धोंडा मांडीवर होता. आई त्याचा चेहरा चाचपायला गेली आणि तिचा हात त्या दगडावर पडला.

"हे काय रे?"

"बाबांनी दिलाय. बाळगायला."

आईने तो दोन्ही हातांनी उचलून घेतला. बोटं फिरवली. एका बाजूला तो चपटा होता, तिथे तिची बोटं थांबली. मग कुणी सांगितल्यासारखा तिने तो धोंडा खांद्याशी धरला, चपटी बाजू आपल्याकडे करून, आणि तळव्याने हलकेच थोपटू लागली. आपण काय करतो आहोत हे तिलाही कळत नसावं.

"आई?"

"हा तूच आहेस," ती म्हणाली.

देवळामागे नवसाचे धोंडे ठेवलेले असतात, हे केरबाला ठाऊक होतं. नवस बोलताना मुलाला एका पारड्यात ठेवायचं, दुसऱ्यात ओढ्यातला तेवढ्याच भाराचा धोंडा. नवस फिटेपर्यंत तो धोंडा देवीपाशी राहतो, फिटला की परत ओढ्यात जातो. पण त्यांत आपलाही एक असेल, हे त्याने कधी मनात येऊ दिलं नव्हतं. तो धोंडे पाहायला देवळामागे गेलाच नव्हता.

"एवढासा होतास," आई म्हणाली. "दूध ओढायची ताकद नव्हती. शेजारणी म्हणायच्या, जीव लावू नकोस ह्याला. मी देवीला म्हटलं, नुसता जगवू नको, भरव. असा भरव की कुणी उचलून नेऊ म्हटलं तर त्याला नेता येऊ नये." ती थोडी हसली. मग आवाज खाली गेला. "तू दरवर्षी नको म्हणायचास. मला वाटलं, आता तू मोठा शेट झालास. गुळाची लाज वाटते तुला. लोक चांदीची तुला करतात, आणि आपल्या आईने बोलला तो गूळ."

आपली लाज आपण एकट्याने वाहतो आहोत, अशी केरबाची समजूत होती. तिच्यातला अर्धा भार ही म्हातारी इतकी वर्षं मुकाट्याने वाहत होती.

"गुळाची नाही गं," एवढंच तो म्हणाला. "माझी."

तिला ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात पाठीच्या निम्म्यापर्यंतही पोचत नव्हता.

संध्याकाळी तो बाबांकडे गेला. बाबांनी त्याला जवळ बसवलं आणि ते सावकाश म्हणाले, "तो धोंडा तुझ्या आईसाठी ओढ्यातून मीच आणला होता. तेव्हा देवळाची झाडलोट माझ्याकडे होती. ती रडत होती आणि मी धोंडे निवडत होतो. जो उचलावा तो जड भरत होता. शेवटी हा मिळाला. केरबा, तू आळशी नाहीस आणि चोरही नाहीस. तू खातोस किती, चालतोस किती, हे ह्या ओट्यावरून मी रोज बघतो. कुणाची माती पाणी लगेच सोडते, कुणाची धरून ठेवते. त्यात मातीचा अपराध नाही. चालणं सोडू नको, त्याने छाती बळकट होते. जिभेला लगाम आहे तोही असू दे. पण अंगाला शिक्षा म्हणून उपाशी मारू नको. ज्या अंगाचा तू तिरस्कार करतोस, ते कुणीतरी पदर पसरून मागून घेतलेलं आहे."

केरबाने धोंड्यावरून हात फिरवला.

"तरी लोक हसतील, बाबा."

"हसतील की. त्यांना मी कसं अडवू?"

जत्रेच्या दिवशी देवळापुढच्या कडुलिंबाला काटा टांगला. तो केरबाच्याच दुकानातला होता, कारण देवळाचा जुना काटा पेलेल की नाही अशी शंका होती, आणि ही शंका सगळ्या गावाला माहीत होती. केरबा पारड्यात बसला तेव्हा त्याचे कान तापले होते. मान वर होईना. हमालांनी गुळाच्या ढेपा चढवायला सुरुवात केली.

"साखळी तपासली का रे?" कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

ढेपा चढत राहिल्या. पारडं हलेना. बायका पदराआड हसत होत्या, पोरं पुढे सरकत होती. मग एक म्हातारी ठसक्यात म्हणाली, "चढवा रे, चढवा! गेल्या साली त्या काडीपैलवानाच्या तुलेला माझ्या वाट्याला खडासुद्धा आला नव्हता. औंदा पोरं पोटभर खातील." पुन्हा हशा झाला. ह्या हशात थट्टा किती आणि आनंद किती, हे केरबाला सांगता आलं नसतं. पण प्रत्येक ढेपेबरोबर पोरं आरोळी देत होती, आणि ती आरोळी खरी होती.

शेवटची ढेप आईने ठेवायची होती. कुणीतरी तिला धरून आणलं. तिने हाताने पारड्याची कड चाचपली, ढेप ठेवली आणि वरून तळवा दाबला. तेव्हा दांडी हलली. केरबाचे पाय जमिनीवरून सुटले.

बोटभरच सुटले असतील. पण लहानपणानंतर त्याला कुणी उचललं नव्हतं. तो पारड्यात तसाच लटकत राहिला, मांडीवर तो धोंडा घट्ट धरून, आणि त्याने मान वर केली. समोर आई होती. तिला दिसत नव्हतं. ती फक्त ऐकत होती.

"उचलला का?" तिने विचारलं.

"उचलला गं," तो म्हणाला.

गूळ वाटून संपला. दिवस कलताना केरबा धोंडा घेऊन ओढ्यावर गेला. फेकला नाही. पाण्यात गुडघाभर उतरला आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा चपट्या बाजूने तळाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो डोंगराला निघाला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. वाटेत गुरं घेऊन जाणारा एकजण म्हणाला, "काय केरूशेट, उतरलं का काही?"

केरबाला अजूनही कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली. लाज एका दिवसात जात नाही. तो थांबला, उपरण्याने कपाळ पुसलं.

"नाही हो, काही नाही उतरलं," तो म्हणाला. "पण चढवतं बघा मला." आणि धापा टाकत, सगळ्यांच्या देखत, तो वर चढू लागला.