सुकटीची चटणी आणि मोशेचं शास्त्र

सुकटीच्या चटणीनं रिबकाची जुळत आलेली सोयरीक मोडली! म्हणजे मोडली ती शमुवेल आबांनी. बोरखडीच्या ख्रिस्ती वस्तीत आबा म्हणजे चर्चच्या मंडळीचे पंच, मोठे बागाईतदार, आणि हट्ट तर असा की एकदा 'नाही' म्हणाले की पाळकसाहेबसुद्धा मुकाट्यानं घरी जात.

घडलं ते असं. आपल्या मुलासाठी, एलियासाठी, मुलगी बघायला आबा त्यालाच घेऊन न सांगतासवरता, ऐन जेवणाच्या वेळी टपकले. घरात होती भाकरी आणि सुकटीची चटणी. रिबकानं तीच वाढली. आबांनी बोटं चाटून खाल्ली, दोनदा मागून घेतली, तृप्तीचा ढेकर दिला आणि मग विचारलं, "कशाची गं होती?"

"सुकटीची, आबा. वाळवलेली बारीक कोळंबी."

आबा ताडकन उठले. "कोळंबी! तिला पर नाहीत, खवले नाहीत! बायबलातल्या मोशेच्या शास्त्रात ती अशुद्ध! शास्त्र मोडणारी पोर माझ्या घरात सून म्हणून यायची नाही!"

घ्या! खाल्ली यांनी आणि शास्त्र मोडलं पोरीनं! पण मोठ्या माणसाला हे सांगायचं कुणी? रिबकाची आई हन्नाबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या. एलिया खाली मान घालून चपला शोधू लागला. रिबकाला त्याचा असा राग आला! पण हा चपला शोधणारा तिला मनापासून आवडला होता.

"आबा," ती म्हणाली, "मोडलं ते मोडलं. पाळून दाखवलं तर?"

"सगळं? काना-मात्रा न गाळता?" आबा मिशीत हसले. "अगं, भल्याभल्यांना जमलं नाही ते! बरं, शनिवारी सकाळी माझ्या घरी ये. दिवसभर घर सांभाळायचं. एक जरी नियम मोडलास, तर सोयरीक संपली!"

"आणि तुमच्याच घरात कुणी मोडला तर?"

"माझ्या घरात?" आबा गरजले. "तसं झालं तर मी हरलो, तू जिंकलीस!"

शनिवार हा तालुक्याच्या बाजाराचा दिवस. आबांच्या अंगणात कांद्यानं भरलेली गाडी उभी होती, एलिया बैल जुंपत होता. रिबका आईला घेऊन आली आणि ओट्यावर हाताची घडी घालून बसली.

"बसलीस काय? चहा टाक," आबा म्हणाले.

"आज चूल पेटवायची नाही, आबा. शब्बाथ आहे, विसाव्याचा दिवस."

"शब्बाथ उद्या! रविवारी!"

"मोशेच्या शास्त्रात तो सातवा दिवस आहे. म्हणजे शनिवार."

"अगं, प्रभू रविवारी मेलेल्यांतून उठला, म्हणून आपण रविवार पाळतो!"

"खरंय. पण ते प्रभूमुळं झालं. तुम्ही मला मोशेचं पाळायला सांगितलंय, काना-मात्रा न गाळता." मग ती अंगणाकडं वळली. "आणि त्या बैलांना सोडा हो! त्यांनाही विसावा आहे त्यात. गड्यालाही आहे, आणि दारात आलेल्या परक्यालाही. मी अजून परकीच आहे."

एलियानं जू असं पटकन खाली टाकलं, की बैलसुद्धा दचकले. "मी नियम मोडायचा नाही, बाबा!" म्हणत तोही ओट्यावर येऊन टेकला. बाजाराची वेळ टळत चालली. आबा येरझाऱ्या घालू लागले.

तेवढ्यात धोकटी घेऊन न्हावी आला. आबांनी गाल पुढं केला.

"दाढीचे कोपरे छाटायचे नाहीत, आबा! तेही लिहिलंय," रिबका म्हणाली. न्हावी आल्या पावली परत गेला. आतून आबांच्या बायकोच्या, रत्नाबाईंच्या, हसण्याचा आवाज आला आणि लगेच खोकल्यात बुडाला.

दुपार कलली. चूल थंड, चहा नाही, भाकरी नाही, गालावर खुंट. शेवटी आबांचा धीर सुटला.

"पुरे झालं! प्रभू आल्यापासून हे सगळं आपल्याला लागू नाही! आपण नियमांखाली नाही, कृपेखाली आहोत, कृपेखाली! एवढंही कळत नाही तुला?"

"कळतं की, आबा," रिबका शांतपणे म्हणाली. "बाजार कृपेखाली, दाढी कृपेखाली, चहासुद्धा कृपेखाली. मग माझी सुकट तेवढी नियमाखाली कशी राहिली?"

खोकला आता आवरेना म्हणून रत्नाबाई सरळ बाहेर येऊनच हसू लागल्या.

पण आबाही कच्च्या गुरूचे चेले नव्हते! "थांब! एवढ्यानं सुटका नाही. सगळं कृपेखाली, तर मग चोरी कर, खोटं बोल, आईबापाला विचारू नकोस! कृपा आहेच! बोल, आता काय म्हणतेस?"

एलिया रिबकाकडं बघत राहिला. इथं चुकलं, तर सगळंच गेलं! ती आबांकडं वळली. मग म्हणाली, "आबा, एलियांना चालायला कशानं शिकवलंत?"

"कशानं म्हणजे? पांगुळगाड्यानं. सगळ्यांनाच शिकवतात तसं."

"चांगला होता ना पांगुळगाडा?"

"उत्तम! मी स्वतः करवून घेतला होता."

"मग लग्नाच्या दिवशी हे पांगुळगाडा धरून वेदीपर्यंत आले तर चालेल तुम्हाला?"

आबांच्या डोळ्यांपुढं ते ध्यान उभं राहिलं. मिशा थरथरल्या. पण पंचच ते! "नाही चालणार. पण माझ्या प्रश्नाचं काय?"

"तेच सांगते, आबा. पांगुळगाडा सोडला म्हणून पाय तोडून टाकायचे नसतात! आता तर आपल्या पायांनी नीट चालायचं असतं."

आबा हसले! असे हसले की शेजारचे लोक कुंपणापाशी गोळा झाले. पोट धरून खाली बसले, डोळे पुसले आणि ओरडले, "अगं रत्ना, आण त्या माझ्या आईच्या सोन्याच्या पाटल्या! ही पोर दुसऱ्या कुणी नेली, तर आपण जन्मभर कपाळ बडवू! उद्याच मंडळीत लग्न जाहीर करतो!"

रत्नाबाईंनी रिबकाच्या हातात पाटल्या चढवल्या. हन्नाबाई पुन्हा रडल्या, यावेळी खुशीनं.

रिबकानं पदर खोचला आणि विचारलं, "आता चूल पेटवू का, मामंजी?"

"पेटव, बाई, पेटव!" आबा म्हणाले. "कृपा झाली!"