भुंग्याची नखं

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं.

पराग सर आठवड्यातून तीनदा आमच्याकडे येतात. पाठीच्या ऑपरेशननंतर बाबांना पुन्हा चालायला शिकवतात. एकदा बाबांचा डोळा लागला होता, तेव्हा चहा पिता पिता सरांनी मला ही गोष्ट सांगितली. मग कप खाली ठेवून म्हणाले, "बाबांना सांगू नकोस हं. कुत्र्याच्या रांगेत बसवलं असं वाटेल त्यांना."

बाबांना सांगितलेली नाही. फक्त लिहून ठेवते आहे.

*

"आज तरी?" परागने विचारलं.

मठाचे गुरू धुंडीबुवा शिळेवरच्या भाकरीकडे बघत होते.

पराग तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. शहरातला फिजिओथेरपीचा चांगला चालणारा दवाखाना सोडून डोंगरावरच्या दत्ताच्या मठात येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. त्याला छाटी हवी होती. छाटी म्हणजे दीक्षेच्या दिवशी गुरू देतात ते भगवं वस्त्र. त्याने विषय काढला की बुवा म्हणायचे, "बघू."

मग मठातला काळा कुत्रा, भुंग्या, वानराच्या मागे धावता धावता कठड्यावरून खाली पडला. पाठीला मार बसला. मागचे दोन्ही पाय गेले.

त्या दिवशी बुवा 'बघू' म्हणाले नाहीत.

"तू पाठीचं शिकलायस ना? भुंग्या आपल्या पायांनी शिळेपर्यंत येऊन भाकरी खाईल, त्या दिवशी छाटी."

मठाची रीत अशी, की तव्यावरची पहिली भाकरी कुत्र्याची. ती औदुंबराखालच्या शिळेवर ठेवायची. कुत्र्याने तोंड लावल्याशिवाय कुणी पानावर बसायचं नाही, मग तो बुवा असो की पाहुणा. भुंग्या पडल्यापासून ती भाकरी त्याच्या गोणपाटावर जात होती.

नऊ आठवडे परागने जीव ओतला. दर दोन तासांनी भुंग्याची कूस बदलली. सांधे हलवले, मांड्या चोळल्या, पोट हलकेच दाबून लघवी करवली. जनावरांच्या डॉक्टर आल्या आणि त्यांनी भुंग्याच्या मागच्या पायाच्या बोटाला चिमटा घेतला. भुंग्याने पाय ओढून घेतला आणि मान वळवून त्यांच्याकडे रागाने पाहिलं.

"जाणीव आली," डॉक्टर म्हणाल्या. "मणकाही सांधलाय. आता पायांवर भार घेऊ दे. या महिन्यात घेतला नाही, तर पुढे जन्मभर चाकांची गाडी."

तेव्हापासून पराग रोज पंच्याच्या आधाराने भुंग्याला चालवत होता. आता महिन्याचे चार दिवस उरले होते.

"आज तरी?" परागने पुन्हा विचारलं.

पंच्याची घडी त्याने भुंग्याच्या पोटाखालून घेतली होती, मागच्या पायांच्या जरा पुढून. दोन्ही टोकं मुठीत घट्ट. गोणपाटापासून शिळेपर्यंत चाळीस पावलं. भुंग्याचे पुढचे पाय चालत होते, मागचे एकाआड एक जमिनीला टेकत होते. बघणाऱ्याला वाटावं, कुत्रा चालतोय.

भुंग्याने भाकरीकडे तोंड नेलं.

बुवांनी भाकरीवर हात ठेवला.

स्वयंपाकघराच्या दारात साळूबाई उभ्या होत्या. ओसरीवर दहा-बारा भाविक पाट मांडून वाट बघत होते.

बुवा उकिडवे बसले. भुंग्याचा पुढचा पंजा उचलून त्यांनी पाहिला. मग मागचा.

"पुढची नखं बोथट झालीत. मागची एवढी लांब कशी?"

परागचे कान तापले.

"पाठीवर ताण येऊ नये म्हणून मी जरा उचलून..."

"तुझे दंड दुखतात?"

"झोपू देत नाहीत इतके."

"मांड्या त्याच्या दुखायला हव्या होत्या."

परागने मुठी आणखी आवळल्या.

"सैल सोड," बुवा म्हणाले.

"पडेल."

"सोड."

"बुवा, मी हे चार वर्षं शिकलोय. तुम्ही नाही."

साळूबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. बुवांनी मान डोलावली, जणू कुणी किती वाजले ते सांगितलं होतं.

परागने बोटभर पंचा सैल केला. भुंग्याचं मागचं अंग खचलं. हातांनी पंचा वर ओढला. त्याने पुन्हा सैल केला, हातांनी पुन्हा ओढला. तिसऱ्यांदाही तेच. हात त्याचं ऐकेनात.

"पिठल्याच्या आता वड्या पडतील," साळूबाई पुटपुटल्या.

"भुंग्याचाही उपास आणि आपलाही," ओसरीवरचा एक म्हातारा म्हणाला. "एकादशी लांब आहे म्हणून बरं वाटत होतं."

कुणी हसलं नाही.

बुवा उठले आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात छाटी होती. नवी, घडीसुद्धा न मोडलेली.

"घे."



"पण अजून भुंग्या..."

"देणारा मी आहे. घे. कशी घ्यायची असते, ठाऊक आहे?"

"दोन्ही हातांनी."

"मग?"

परागच्या दोन्ही मुठींत पंचा होता. खाली फरशी होती. त्याने छाटीकडे पाहिलं. घडीच्या रेषा अजून ताज्या होत्या. दोन वर्षं तो याच कापडासाठी पहाटे उठला होता, यासाठीच भांडी घासली होती, आणि यासाठीच... भुंग्यालाही यासाठीच उचललं होतं. आज पहिल्यांदा त्याला ते दिसलं.

"घेतोस ना?" बुवांनी हात पुढे केला. "पुन्हा देईन असं नाही."

परागची नजर छाटीवरून हटेना.

"नको," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "हा पडेल."

"कोण?"

परागने खाली पाहिलं.

पंचा लोंबत होता. भुंग्याच्या पोटात आणि कापडात चार बोटांचं अंतर पडलं होतं. परागचे हात केव्हा खाली आले, त्याला कळलंच नव्हतं. भुंग्याचे मागचे पाय लटलटत होते, पण बोटं फाकवून त्यांनी फरशी धरली होती.



बुवांनी भाकरी उचलली आणि शिळेच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवली.

भुंग्याने एक पाऊल टाकलं. मागचा उजवा पाय फरफटला, मग टेकला. दुसरं पाऊल. तिसऱ्याला तो कुशीवर कोसळला. परागचे हात पुढे झेपावले.

"अं हं," बुवा म्हणाले.

हात हवेतच थांबले...

भुंग्या गुरगुरला. बहुतेक स्वतःच्याच पायांवर. मग पुढच्या पायांवर जोर देऊन, वाकडातिकडा, मागचं अंग हिसक्याने वर घेत उठला. आणखी दोन पावलं गेला आणि त्याने भाकरीला तोंड लावलं.

"वाढा," बुवा म्हणाले.

ओसरीवर पानं मांडल्याचा आवाज झाला. कुणीतरी नाक ओढलं. पराग होता तिथेच खाली बसला. हातातला पंचा त्याने तोंडाला लावला.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मी पंचा कधी सोडला, बुवा?"

"मला कसं ठाऊक असणार. मी भुंग्याकडे बघत होतो."

"आणि छाटी?"

ती बुवांच्या खांद्यावर होती. त्यांनी भुंग्याचा मागचा पंजा तळहातावर घेतला आणि लांब नखाच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"ही झिजली की ये."

*

आज दुपारी मी बाबांच्या नव्या चपला उलट्या करून पाहिल्या. ऑपरेशनला तीन महिने झाले. मी रोज त्यांचा कमरेचा पट्टा मागून धरते, आणि चपलांचे तळ अजून नव्यासारखेच आहेत. बाबा हाक मारतायत, त्यांना उठायचंय. आले, बाबा, पण आज पट्टा मी सैल सोडणार.