फणसाने गुंडाळलेली सावली

झाडे हजेरी घेत, त्या काळची ही गोष्ट. चिखलदऱ्याच्या उतारावर कॉफीच्या झुडपांचे मंडळ होते. अध्यक्ष फणसआजोबा रोज सकाळी नावे पुकारत आणि ओ देणाऱ्यावर सावली धरत. नाव कापायची मात्र तिथे रीत नव्हती. गेल्या वर्षी वाळून गेलेल्या सरू नावाच्या झुडपाचेही नाव ते पुकारत आणि घटकाभर थांबत.

चिमण नावाचे झुडूप एकदा चिडले. "आजोबा, माझे ऊन तुम्हीच खाता! मी मंडळ सोडतो."

"सोड बाबा," म्हणत आजोबांनी त्याची सावली चटईसारखी गुंडाळून काखेत मारली.

चैत्रात चिमण करपला. आता आठवडाही निघणार नाही, हे त्याला कळत होते. पण नाव पुकारले की तो तोंड फिरवी. एका सकाळी शेजारची मथुराक्काच घोगऱ्या आवाजात ओरडली, "हजर!"

"आवाज बदललाय," आजोबा म्हणाले.

"उन्हाने घसा बसलाय मेल्याचा!"

आजोबांनी काखेतली चटई चिमणवर उलगडली.

दुसऱ्या दिवशी चिमणने स्वतः ओ दिली. मग सरूचे नाव आले. आजोबा थांबले.

"हजर!" चिमण ओरडला.

आजोबांनी सरूच्या रिकाम्या खड्ड्यावरही सावली धरली. मंडळात कोणी हरकत घेतली नाही.