ठकूबाईचा पीळ

एका राज्यात सूर्य उगवायचा तो राजाच्या छत्राकडे बघून. सिंहासनावरचं छत्र धड असलं की सूर्य डोक्यावर येई. छत्र विरलं की मरगळे. म्हणून दर बारा वर्षांनी राजमागावर नवं छत्र विणलं जाई, आणि मागची तीन छत्रं विणली होती ठकूबाई कोष्टिणीने.

चौथ्या छत्राची वेळ आली, तेव्हा कपिशनाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला. तुळतुळीत चेहरा, काळेभोर केस, दिसायला पंचविशीचा.

"महाराज," तो राजा मेघकेतूला म्हणाला, "जुन्या हातांचं वस्त्र जुनंच निघतं. तिशीच्या वरचा माणूस चाकरीला ठेवू नका."

आणि त्याने बाहीतून एक साळुंकी काढून राजाला दिली. ती वेशीवर बसे आणि येणाऱ्याचे पावसाळे मोजून सांगे. "बावीस पावसाळे, या! एकतीस पावसाळे, चालते व्हा!" मोजणीत ती कधी चुकली नाही.

ठकूबाईला तिने "अडुसष्ट!" म्हणून हाकललं. छत्तीस वर्षं ज्या मागावर बसली, त्या मागाचं दार तिच्या तोंडावर लागलं. ठकूबाईने आडवा धागा ओवायचा आपला धोटा कमरेला खोचला आणि ती घरी गेली. त्या दिवशी तिने चूलही पेटवली नाही, इतकी ती पेटली होती.

नव्या कारभाऱ्यांनी आधी काय केलं? मागावरची जुनी फणी, तिच्यात ओवलेल्या जुन्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, टोकांसकट उपसली आणि तळघरात भिरकावली. सगळं नवंकोरं हवं होतं ना! मग नवे धागे नव्या फणीत ओवले. पण धागा तुटे. गाठ मारली की गाठ फणीत अडके आणि पुन्हा तुटे. तिकडे जुनं छत्र विरत चाललं. सूर्य हातभर वर येई आणि दमून खाली बसे. शेवटी तर भाजी शिजेपर्यंतही दिवस पुरेनासा झाला.

तेव्हा ठकूबाई उठली.

"अडुसष्ट पावसाळे, चालते व्हा!" साळुंकी ओरडली.

"मोजलेस? झालं तुझं काम," ठकूबाई म्हणाली आणि सरळ आत शिरली. हुकूम न ऐकणारी बाई शिपायांनी कधी पाहिलीच नव्हती. ते बघत राहिले.

"महाराज, माझा माग मला द्या," ती दरबारात म्हणाली.

कपिशनाथ हसला. "म्हातारीचा पीळ अजून गेला नाही."

"नाही गेला. त्याच पिळावर तुमचं छत्र टांगायचं आहे."

"मग तीन कामं कर. चुकलीस तर तुझ्या हातांचं लाकूड होईल."

"बोल."

"पहिलं. राजवाड्याला धावत तीन फेऱ्या घाल."

"नाही घालणार. छत्र काय धावत विणतात? धावून निरोप नेणारा जासूद म्हणून ठेवणार असाल तर तसं सांगा, घरी जाते."

राजाच्या मिशा हलल्या. "बाई बरोबर बोलते," तो म्हणाला. "पहिलं काम सांगणाऱ्याचंच चुकलं. पुढचं सांग."

कपिशनाथाने ओठ चावला. "दुसरं. तळघरातल्या खजिन्यातून छत्राला लागेल अशी सर्वांत मोलाची वस्तू आण."

तो खजिना शापित होता. सोन्याला हात लावणाऱ्याचा दगड होई. बारा तरणेताठे शिपाई मुठीत मोहरा धरून तिथे दगड होऊन उभे होते. मधोमध नाग बसला होता.

"तुझं वय किती?" नागाने विचारलं.

"तू किती वेळा कात टाकलीस, हे मी विचारलं का?"

नागाने फणा खाली घेतला. ठकूबाईने सोन्याच्या राशीआडून धुळीने माखलेली जुनी फणी काढली आणि पदराने पुसली. नागाने वाट दिली.

"तिसरं," कपिशनाथ म्हणाला. "सूर्य खाली बसायच्या आत तीन हजार धागे सांध."

मागावर आवडी बसली होती. ठकूबाईची जागा मिळालेली, चोवीस पावसाळ्यांची कोष्टीण.

"जागा परत घ्यायला आलात, आत्याबाई?"

"माझीच आहे ती. सरक."

"सरकते. पण मीही झटलेय. गाठी मारून बोटं फुटलीत."

"गाठी मारल्यास, तिथेच फसलीस. जुन्या ताण्याचं टोक आणि नवा धागा राखेच्या चिमटीत धरायचा आणि पीळ द्यायचा. गाठ फणीत अडकते, पीळ पार होतो."

दोनशे धागे झाले आणि ठकूबाईच्या डोळ्यांपुढे सगळं धुरकटलं. 'दिसत नाही' हे शब्द तिने जन्मात उच्चारले नव्हते.

"टोकं तू वेचून दे," ती गुरगुरली. "माझी बोटं रिकामी बसलीत."

आवडी ओळखून चुकली. हसली नाही. "घ्या. बोटं थकली तर सांगा, म्हणजे मीही दोन पीळ देईन."

"थकायला ती तुझी आहेत काय?"

आवडीने टोक द्यावं, ठकूबाईने पीळ द्यावा. मग ठकूबाईने टोक धरावं, आवडीने पीळ द्यावा. सूर्यालाही बघायचं होतं. तो थोडा थांबला. तीन हजारावा धागा सांधला, धोटा सुटला, आणि छत्र आपोआप विणलं जाऊन सिंहासनावर चढलं. सूर्य वर निघाला.

राजा आनंदाने ओरडला, "आजपासून साठीच्या आतला माणूस चाकरीला नको!"

छत्राची वीण सैलावली आणि सूर्य मध्येच अडला. कोपऱ्यात कपिशनाथ गालात हसला.

आवडी निमूट उठली. ठकूबाईने तिचं मनगट धरलं. "बस खाली." मग राजाकडे वळली. "महाराज, मोजायचं ते मोजताच आहात, नुसतं टोक बदललंत. ही उठली तर मीही उठले, आणि फणी घेऊन उठले. येणाऱ्याच्या हातात धागा द्या, पीळ बघा. पावसाळे विचारू नका."

राजाने एकदा छत्राकडे पाहिलं, एकदा अडलेल्या सूर्याकडे.

"तसंच होईल," तो म्हणाला. "साळुंकीला सोडा."

साळुंकी वेशीवरून उडून दरबारात आली. जाता जाता कपिशनाथाच्या डोक्यावर बसली आणि तिने शेवटचं मोजलं. "नऊशे बारा पावसाळे!"

कपिशनाथाचे केस क्षणात पांढरे झाले. त्याचा मंत्र सुटला आणि तळघरात बारा दगड जांभई देत जागे झाले. सूर्य डोक्यावर आला.

"नऊशे बारा?" राजा गरजला. "थेरड्या! हाकला याला!"

"हाकला," ठकूबाई म्हणाली, "पण वयासाठी नव्हे. लबाडीसाठी."

तशी दवंडी पिटली, तसाच तो गेला. छत्र अजून तिथे आहे. जुना ताणा कुठे संपतो आणि नवा कुठे लागतो, हे ज्याला सापडेल त्याने राजाला जाऊन सांगावं.