निवाड्याची जागा

मानाजीराजांचा दरबार गोल बसे आणि राजांना त्याचा भारी गर्व. "सगळे पाटील कडेला, मी बरोबर मध्यावर. मला कुणी जवळचा नाही, कुणी लांबचा नाही. निवाडा मध्यावरूनच व्हावा," हे ते दर खेपेला ऐकवायचे.

पिंपळधऱ्याच्या गोजाबाई पाटलीण हे ऐकून विटल्या होत्या. दिवाण रंगोपंतांनी ओढ्यावर बांध घालून पाणी आपल्या बागेत नेलं, गावाची विहीर आटली आणि राजे नुसतं "बघू" म्हणत राहिले.

आज गोजाबाईंनी विहिरीचं पाणी ओढायचा नाडा, आता कोरडा पडलेला, आणि थोडा चुना सोबत आणला होता.

"महाराज, तुमचा मध्य मोजू का?"

"खुशाल मोजा."

कडेच्या दोन पाटलांमध्ये त्यांनी नाडा ताणला आणि त्याच्या निम्म्यावरून आत काटकोनात चुन्याची रेघ ओढली. दुसऱ्या दोघांमधूनही तशीच ओढली. रेघा जिथे छेदल्या तिथे त्या उभ्या राहिल्या. तिथून नाडा प्रत्येक पाटलापर्यंत सारखाच पोचला. सिंहासन मात्र कडेला बसलेल्या दिवाणांकडे बरंच सरकलेलं निघालं.

राजे ओशाळले. "जरासं सरकलं असेल."

"तिथं दिवाणांची कुजबुज ऐकू येते, म्हणून आमची बोंब ऐकू येत नाही," गोजाबाई कडाडल्या. "निवाडा मध्यावरून व्हावा, हे तुमचंच म्हणणं. मध्यावर आत्ता मी उभी आहे. मी देऊ निवाडा, की तुम्ही इकडे येताय?"

सिंहासन त्याच दिवशी हललं. त्याआधी राजांच्या हुकमाने बांध फुटला.