अळणी व्रत

“मग माझी प्रकृती कोणती, माई?”

मठातल्या म्हाताऱ्या गयामाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“बारा वर्षं लोकांच्या प्रकृती सांगतोयस. स्वतःची मला विचारतोस?”

तुळाजीने आमटीवर झाकण ठेवलं.

टेकडीवरच्या त्या मठाचा स्वयंपाक त्याच्याकडे होता. माणूस उंबऱ्यात उभा राहिला की हा ओळखायचा. टाच आपटत आला, पित्त. वाक्य अर्धवट सोडलं, वात. बसला तो उठेचना, कफ. मग कोण रागीट, कोण चंचल, कोण मठ्ठ, ते तोंडावर सांगून मोकळा. लोक थक्क व्हायचे, पाया पडायचे. वर त्याचं अळणी व्रत. बारा वर्षांत मिठाचा कण जिभेला लागू दिला नव्हता. व्रत त्याचं, कौतुक पंचक्रोशीत.

बायको अनसूया महिन्यापूर्वी गेली.

“हौसा आलीय सासरहून,” तुळाजी म्हणाला. “आईचा तांब्या न्यायला.”

“पाहिली मी. ओट्यावर बसलीय.”

“एका तांब्यासाठी पोरगी सात कोस चालत आली! लहानपणापासून पित्ताची…”

“तुळाजी.”

तो थांबला.

“मला म्हणाली,” तो म्हणाला, “अण्णा, तुम्ही सगळ्या जगाला ओळखता. आईला काय आवडायचं? एक गोष्ट सांगा.”

“मग?”

“मी म्हटलं, तुझी आई कफाची. कफाला तिखट मानवतं.”

“आणि ती?”

“म्हणाली, मानवतं काय ते नाही विचारलं मी.” त्याने ओट्याकडे पाहिलं. “नैवेद्याची घंटा झाली की निघते म्हणते. जेवायचीही नाही, परत यायचीही नाही. एकुलती एक पोर, माई… ती उठायच्या आत मला कळायला हवं, माझ्यात काय बिघडलंय.”

माईंनी सूप खाली ठेवलं.

“आमटी झाली?”

“झाली.”

“चाखलीस?”

तुळाजी दचकला. “नैवेद्याची आमटी कुणी चाखतं का? आणि माझं व्रत…”

“महिनाभर पंगत अर्ध्या पानावरून उठतेय. का रे?”

“हवा बदललीय. अशात वात खवळतो, अन्नावरची वासना उडते.”

“सगळ्यांची? एकदम?”

माई उठल्या, चुलीपाशी गेल्या, पळीभर आमटी घेऊन आल्या.

“हात पुढे कर.”

“अहो, नैवेद्य अजून…”

“देव थांबेल. पोर थांबायची नाही.”

तीर्थाला करतात तसा त्याने तळवा पुढे केला. ओठाला लावलं. चेहरा वेडावाकडा झाला. कसंबसं गिळलं.

“खारट…” तो म्हणाला. “जहर आहे हे, माई.”

“बारा वर्षं अशीच करतोस.”

“काहीतरीच! बारा वर्षं लोक बोटं चाटत जेवलेत इथं.”

“तू मीठ टाकून आंघोळीला जायचास. अनसूया मागच्या दाराने यायची. वाटीभर शिजलेली डाळ तिने आधीच बाजूला ठेवलेली असायची. ती घोटून घालायची, वर कढत पाणी. त्या तांब्याने. मग एक उकळी. हौसा एवढीशी होती, तेव्हा अंगणात उभी राहून तू येतोस का ते बघायची. मोठी झाल्यावर पाणी तीच ओतायची.”

तुळाजी खाली बसला.

“नैवेद्य ती तरी कशी चाखणार? मीठ किती जास्त झालं, तिला कसं कळायचं?”

“तुझी मूठ तिला ठाऊक होती.”

चुलीत लाकूड तडतडलं.

“मला कधी बोलली नाही…”

“पहिल्या वर्षी बोलली. मीही बोलले. आठव, तू काय म्हणालास.”

त्याला आठवलं. माईंना म्हणाला होता, तुमची जीभ वयाने वाताची झालीय. आणि अनसूयेला, भरल्या पंगतीत, वाढता वाढता… ही कफाची. मठ्ठ. हिला चवीतलं काय कळतंय? पंगत हसली होती. पदर तोंडाशी धरून तीसुद्धा हसली होती. त्यानंतर त्या विषयावर ती कधी बोलली नाही. हा समजला, पटलं असेल.

“हसली होती ती, माई.”

“हं.”

“मी तिला… चारचौघांत…”

माईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

ओट्यावर हौसा उठली होती. तांब्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधत होती. देवळात कुणीतरी घंटेची दोरी सोडवत होतं.

“सांगा ना, माई,” तुळाजी म्हणाला. डोळ्यांतलं पाणी ओठांपर्यंत आलं होतं, ते त्याने पुसलं नाही. “माझी प्रकृती कोणती?”

माईंनी तांदळातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

“देवाचं पान वाढायचंय,” त्या म्हणाल्या. “जा. पाणी किती घालायचं, ते पोरीला विचारून ये.”