गोदीची खिंड

थांबा पाव्हणं, नारळ फोडू नका. खिंडीच्या तोंडाशी ही दगडांची रास दिसतेय ना, हा देव नाही. शहरातून आलेला जो तो हात जोडतो, कुणी तर शेंदूर फासून जातं. धुऊन धुऊन आम्ही थकलो. या राशीखाली काहीच नाही, आणि तेच आमचं दुखणं आहे.

फार जुनी गोष्ट. उगवतीकडं पावसानं पाठच फिरवली, तेव्हा मावळतीकडं नवी काळी जमीन खुली झाली म्हणे. जो आधी नांगर घालील त्याची. गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून याच वाटेनं निघाली. आमच्या वाडवडिलांच्या तांड्याचा म्होरक्या होता तुळाजी. त्याच तांड्यात भिवरा होती. नवरा वारलेला, म्हणून गाडी स्वतःच हाकायची. गाडीत एवढीशी लेक, गोदी.

या खिंडीत गोदी पटकीनं गेली. लेकराला पुरायचं आणि वर दगड रचायचे, म्हणजे तरस उकरत नाही, ही आमची रीत. भिवरानं पदर पसरला. "तुळाजीदादा, दगड गोळा करण्यापुरतं थांबा. मला परत यायला खूण राहील."

"अगं बाई, तोवर पुढचे जमीन बळकावून बसतील. बाकीच्या लेकरांनी काय माती खायची? वाटेतच पुरू. वरून गाड्या गेल्या की माती घट्ट होते, तरसाला वाससुद्धा लागत नाही."

तसंच केलं. चाकोरीत खड्डा खणला, गोदीला ठेवलं, माती लोटली आणि अख्खा तांडा वरून नेला. पुढं गाड्या, मागं गाड्या, बाजूला कडा. भिवरालाही बैल हाकावेच लागले. कसे हाकले असतील, तिचं तिलाच ठाऊक.

आणि पोचल्यावर बघतात तर काय? निम्मी जमीन तशीच पडून! आग लागो त्या घाईला. भिवरानं आपला तुकडा पाहिलासुद्धा नाही, तशीच मागं फिरली. पण तोवर तांड्यामागून तांडे येऊन गेले होते. सगळी वाट अंगणासारखी चोपून निघालेली. तरसाला सापडू नये म्हणून लपवलेली जागा आईलाही सापडेना. मग तिनं हातात एक दगड घेतला आणि अनवाणी चालत राहिली. पायाला कुठंतरी माती मऊ लागेल, तिथं ठेवू म्हणून. खिंड संपली तरी दगड हातातच होता. तो तिनं इथं टाकला आणि पुन्हा मागं वळली. मरेपर्यंत तिचं हेच चाललं होतं, असं सांगतात.

आता वर डांबर आहे. मऊ काय लागणार, कपाळ! तरी आजही आमच्यातलं कुणी गाडीत बसून खिंड ओलांडत नाही. नवी नवरीसुद्धा खाली उतरते, चपला काढते, दगड उचलते. सासू म्हणते, "हळू टाक गं पाय, खाली लेकरू आहे." ती बिचारी चाचपत चाचपत सगळी खिंड चालते. आणि इथं पोचते तेव्हा दगड तिच्या हातातच असतो.